लाइनमध्ये दोष नाही, हे न कळवण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
भरारी ब्रॉडबँड सेवा, शाखा कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : "लाइनमध्ये दोष आढळला नाही" असा संदेश माझ्या मुलीच्या मोबाईलवर न पाठवणेबाबत.

संदर्भ : १) कु. संस्कृती हिने ऑनलाइन नोंदवलेली तक्रार. २) आपले लाइनमन श्री. मोतीराम यांच्या घरभेटी.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करतो की, मी पुंडलिकनगर येथील रहिवासी असून वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. माझी पत्नी शालू दसऱ्यानंतर वारली. घरी मी एकटाच असतो. आपली लाइन मुलगी संस्कृती हिच्या नावे असल्याने तक्रारीचे सर्व संदेश तिलाच जातात. ती नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

२. संस्कृती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. फोन मी डब्याला टेकवून ठेवतो. त्यात माझे तोंड आणि मागची कोरी भिंत एवढेच दिसते. थोड्या वेळाने ती म्हणते, "बाबा, आवाज यायलाय, पण चित्र अडकलंय." मी म्हणतो, नेट स्लो आहे. त्यावरून तिने तिकडूनच तक्रार केली. मला विचारले नाही. विचारले असते तरी मी हो म्हटले असते. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणतो.

३. आपल्या माणसांविषयी माझे काही म्हणणे नाही. मोतीराम भला माणूस आहे. त्यांनी नेटची डबी, म्हणजे राउटर, बंद करून चालू केली, नंतर नवीन बसवली. संक्रांतीच्या मांजाने वायर कापली असेल म्हणून खांबावर चढून जोड नवा केला. डबी कपाटावरून टीव्हीशेजारी आणली, मग परत कपाटावर ठेवली. शेजारच्या आवडाबाईंनी तर मीठ-मोहऱ्या उतरवून डबीची दृष्ट काढली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. मी कोणालाच अडवले नाही.

४. शेवटी कॉल चालू असताना मोतीराम माझ्याशेजारी, फोनमध्ये दिसणार नाहीत असे बसले. स्पीड पूर्ण होता. कॉल संपल्यावर ते खाली बघत म्हणाले, "काका, तिचं तोंड, आवाज, समदं धड यायलंय. नेट कुठंच अडकलेलं नाय. तुम्हीच लई येळचे हालले नाय. पापणीबी नाय."

५. आमच्या कारखान्यात मशीन बंद पडले की 'व्हाय-व्हाय' करावे लागते. म्हणजे पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण कागदावर लिहायचे, त्याशिवाय सुपरवायझर सही करत नाही. सवयीने मी तसा कागद घरीही केला. चित्र का अडकते? चित्रातला माणूस हलत नाही. का हलत नाही? त्याला काही वाटत नाही. का वाटत नाही? शालू गेली. का गेली? मेंदूत रक्तस्राव झाला, असे डॉक्टर म्हणाले. पाचव्या 'का'पुढे मला काही लिहिता आले नाही. कारखान्यात असा कागद परत पाठवतात. महोदय, मला रडू येत नाही. जेवतो, ड्युटीला जातो, बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर बसतो. कशानेच काही होत नाही.

६. आता मोतीरामना नियमाप्रमाणे "दोष आढळला नाही" असा अहवाल द्यावा लागणार आणि तो संस्कृतीला जाणार. पोरगी हुशार आहे. लाइन धड असेल तर बिघाड कशात आहे, हे तिला लगेच कळेल. "तुमचं बरं नसंल तर मी वर्ष सोडून येते," असे ती आधीच बोललेली आहे. आईच्या दिवसांत तिची हॉस्पिटलची हजेरी बुडाली ती बुडालीच. आता आली तर वर्ष गेलेच म्हणून समजा. तिने यावे असे मला वाटते, खोटे कशाला लिहू. पण येऊन ती काय करील? दोघे मिळून भिंतीकडे बघत बसू.

७. तरी विनंती की, तिची परीक्षा होईपर्यंत सदर तक्रार बंद करू नये व "दोष शोधण्याचे काम सुरू आहे" असाच संदेश पाठवत राहावे. हे नियमात बसत नाही, याची मला जाणीव आहे. चालू मशीन मी बंद दाखवले तर मलाही मेमो मिळेल. पण ही नोंद पूर्ण खोटीही होणार नाही. या अर्जाचे उत्तर माझ्या पत्त्यावर लेखी द्यावे, मोबाईलवर देऊ नये.

८. दरम्यान माझ्या बाजूने दुरुस्ती हाती घेतली आहे. काल कॉलवर मी आठवणीने दोनदा मान हलवली, एकदा डोक्यावरून हात फिरवला. संस्कृती म्हणाली, "बाबा, आज नेट लई भारी चालायलंय." मग ती रडली. ते मला इथे अगदी स्वच्छ दिसले, कुठेही न अडकता.

आपला नम्र, तक्रार नसलेला तक्रारदार,

(सही)
बद्रीनाथ सूर्यभान मनगटे
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : २३ जानेवारी २०२६