समुद्रकाकडीची आतडी

ता. ४

चि. चौकसबाईस मामाचे खारट आशीर्वाद. वि. वि.

तू घाणेरड्या गोष्टी मागितल्यास, घे. आमच्या मत्स्यालयातला तारामासा शिंपल्याच्या फटीत स्वतःचं पोटच घालतो. आतला जीव तिथेच पचवतो आणि मग पोट परत गिळतो. दुसरा एक लांबडा मासा आहे, त्याला धरलं की बादलीभर शेंबूड सोडतो. खायला आलेल्याचे कल्लेच बंद होतात म्हणे. आता वरणभात खाऊन दाखव.

यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस. काल मोठ्या टाकीचा तळ घासत होतो. मध्ये समुद्रकाकडी पडली होती. दिसते काकडीसारखी, पण आहे जनावर. जनावराला हात लावायचा नाही, काही बिघडलं तर मत्स्यालय चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना लगेच हाक मारायची, हा इथला पहिला नियम. पण मला मेल्याला घाई. मुठीत धरून उचलली, तर तिनं मागच्या अंगानं सगळी आतडी बाहेर फेकली! सोबत पांढरे, चिकट धागे. बोटांना असे चिकटले की सुटता सुटेनात.

बाईंना हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. काकडी बादलीत घालून जिन्याखाली लपवली आहे. दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी बदलतो. आतडी माझ्या जेवणाच्या डब्यात बर्फावर ठेवली आहेत, म्हणजे बाईंना शिवता येतील. पण सांगायचं कसं? बेकरी सुटली, गॅरेज सुटलं, रंगकाम सुटलं. ही चौथी. पिशवी भरून ठेवली आहे.

उत्तर लगेच टाक.

तुझा घाबरट मामा


ता. ६

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. आई बाहेरून विचारत होती की, मामानं असं काय लिहिलंय म्हणून तू आत जाऊन बसलीस. तुझी खुशाली आहे, एवढंच सांगितलं.

शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी जाडं पुस्तक काढून दिलं. मामा, काकडी मरणार नाही! ती घाबरली की आतडी शत्रूपुढे टाकते आणि तो ती खात बसला की सटकते. मग काही आठवड्यांत नवी आतडी उगवतात. शिवायची गरज नाही. तो डबा फेकून दे, आणि त्यातून पुन्हा जेवू नकोस, शी!

पण पुढचं नीट वाच. काही जातींच्या आतड्यांत आणि त्या धाग्यांत विष असतं. समुद्रात ते विरून जातं, पण टाकीत मासे मरतात. तू सगळे धागे उचललेस ना? एकही राहिला नाही ना? काही असलं तरी डॉक्टरीणबाईंना सांग. काकडी निदान आतडी टाकून पळते, तू नुसताच पळतोस.

राग मानू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझी भाची


ता. ७

चि. चौकसबाईस आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर अजून नाही. इथे वेगळंच संकट आलंय. मोठ्या टाकीतले मासे आडवे होऊ लागलेत. काल दोन मेले, आज पाच. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहवत नाही. पंपातून तेल गळत असणार, असं त्या म्हणतात. पंपवाले काका शपथेवर सांगतात की, पंचवीस वर्षांत थेंबभर तेल सांडलं नाही. कोण ऐकतो! परवापासून त्यांना घरी बसायला सांगितलंय. म्हाताऱ्याचं वाईट वाटतं. मला कामाला लागल्यापासून स्वतःच्या लेकासारखं शिकवलं त्यांनी.

एक बरं, या गडबडीत काकडी कुठे गेली हे कोणी विचारत नाही. डब्यात भरताना दोन-चार लांब धागे तळाच्या जाळीतून खाली गेले होते, तेवढी खूणही राहिली नाही. समुद्राला मिळाले असतील.

तुझा मामा


ता. ९

ती. मामास सा. न.

तुझं सात तारखेचं पत्र आत्ता मिळालं. मामा, जाळीखालचं पाणी समुद्रात जात नाही. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की, ते गाळणीत जातं आणि फिरून त्याच टाकीत येतं. ते धागे तिथेच अडकले असतील. काकांचं काही चुकलेलं नाही!

मी आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. माझं आधीचं पत्र तुला मिळालं का? तू तिथेच आहेस ना?

भाची


ता. १५, पुढचा महिना

चि. चौकसबाईस आशीर्वाद. वि. वि.

आहे. इथेच आहे. महिनाभर लिहायला तोंड नव्हतं.

तुझं पहिलं पत्र आठ तारखेला दुपारी हातात पडलं. वाचलं आणि पिशवी उचलून फाटकापर्यंत गेलोसुद्धा. तिथे काका आपले पाने-पक्कड पुसून एकेक रखवालदाराच्या ताब्यात देत होते. मला बघून म्हणाले की, उद्यापासून पंपाच्या आवाजाकडे तू कान ठेव. मी पिशवी तिथेच टाकली. त्यांच्यादेखत बाईंच्या खोलीत शिरलो आणि बादलीसकट सगळं ओकलो.

बाई ओरडल्या नाहीत. आधी गाळणी उघडा म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मी कोपरापर्यंत हात घालून ते धागे उपसले. एकवीस मासे मेले, बाकीचे तगले. काकांना बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागून परत बोलावलं. काका कामावर आले, पण माझ्याशी एक शब्द नाही. मला नोटीस मिळाली. नोकरीचं काय ते काकडी जगली तर बघू, तोवर तिची टाकी तुझ्याकडे, असं बाईंनी बजावलं.

पाच आठवडे ती दगडासारखी पडून होती. मी रोज वाळू बदलायचो, रोज काही नाही. आज सकाळी टाकीत पाहतो तो तिच्यामागे वाळूची एक सुबक, लांब वळी! चौकसबाई, तिनं शी केली! नवी आतडी आल्याशिवाय हे जमायचं नाही. मी एवढ्यांदा ओरडलो की पंपघरातून काका धावत आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की, गाढवा, नुसता बघत काय उभा राहिलास, जा, बाईंना हाक मार.

मारली. आईला नमस्कार सांग, आणि मामा तिथेच आहे असंही सांग.

तुझाच
मामा