खालची पायरी

धुळे

प्रिय समीक्षा,

"पानीले हात लाऊ नको, पोर." गावच्या तळ्यावर अभिमन पाटील मला हे म्हणाले तेव्हा मी दुसरीत होते. तहान लागली म्हणून आबांचं बोट सोडून भराभर पायऱ्या उतरले होते. आबा भांडले नाहीत. त्यांनी मला वर बोलावून घेतलं. मग पाटलांच्या गड्याने वरून पाणी ओतलं आणि आम्ही बापलेक ओंजळीत धरून प्यायलो. तुला हे कधी सांगितलं नाही. ते तुझ्या वाट्याला कशाला, असं वाटायचं.

तळ्यातल्या शेवाळाची तपासणी करून त्या दिवशी गावच्या ग्रामसभेत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, कोणीही तळ्याच्या पाण्याला हात लावू नका, गुरंही नेऊ नका. माझ्या अंगावर काटा आला. गावातल्या हिलालने टोमणा मारलाच, "पानी त आरसासारखं शे, ताई. शेवाळ तुना चष्मावर व्हई." सगळे हसले. तूही हसलीस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग तू शांतपणे सांगितलंस की चूल घरोघरी असते, पेटलीय कुठे ते बघावं लागतं. विष बनवणारी जनुकं या शेवाळात आहेत एवढं कळून भागत नाही, ती कामाला लागलीत का ते तू तपासतेस. आणि ती लागली होती. पाणी हिरवं व्हायची वाट बघू नका, म्हणालीस.

पहिले बोलले ते अभिमन पाटीलच, काठी टेकत. "पोर सांगस ते आयका. टँकर बलावा. ती सांगी तवयच पानीले हात लावसूत."

काल गावाहून निंबा आला होता. तळं रंग ओतल्यासारखं हिरवंगार झालंय म्हणे, पण गावात एक शेळीसुद्धा दगावली नाही. आबा तेव्हापासून जमिनीवर नाहीत. चहाच्या टपरीवर बसून जनुकं समजावतात, बरीचशी चुकीची. पाण्याच्या नमुन्यांचा बर्फाचा डबा जळगावला तुझ्या प्रयोगशाळेपर्यंत मांडीवर आपणच धरला, नाहीतर सगळं वाया गेलं असतं, हे मात्र बरोबर सांगतात.

तू तळ्यात नमुने घेत होतीस आणि डबा घेऊन ते वरच्या पायरीवरच थांबले, तेव्हा गुडघे दुखत असतील म्हणून तू त्यांना बसायला सांगितलंस. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत गं. ते खालच्या पायरीवर कधी उतरलेच नाहीत. गाव बदललं, पाटील बदलले, आबांचे पाय बदलले नाहीत. काल जेवताना मात्र म्हणाले, पाणी चांगलं झालं की एकदा आपल्या हाताने घेऊन पिईन.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून हे लिहिते. तळ्याचं पाणी, न उकळलेलं, ऐंशीच्या माणसाला! तू नाहीच म्हणणार, आणि तू तशी आहेस याचाच मला अभिमान आहे. तरी विचारते. तुझी तपासणी पाणी निर्धोक आहे म्हणेल त्या दिवशी, आबांचा हात धरून त्यांना खालच्या पायरीपर्यंत नेशील? एकच ओंजळ पिऊ देशील?

तुझीच,
आई