पगाराचं पाकीट कुणाच्या हातात

मास्तर, तुमच्या कारखान्यात मी माग चालवायचो, तुम्ही वारून आता वीसेक वर्षं झाली असतील. मी सातवीपर्यंत शिकलेला, पत्र लिहायची सवय नाही. पण दोन दिवसांपासून छातीत धडधड होते आहे आणि बायकोही आता राहिली नाही, मग सांगू कुणाला. उद्या माझ्या मुलाचा पगार आहे. त्याच्या पगाराची मला एवढी धास्ती का, ते पहिल्यापासून सांगावं लागेल.

सून तीन वर्षांपासून पर्वत पाटिया भागात वेगळी राहते, सात वर्षांच्या नातीला घेऊन. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. कोर्टानं नातीसाठी दरमहा पोटगी बांधून दिली होती. मुलानं चार महिने दिली, मग हात आखडला. वॉरंट निघालं तेव्हा तो माझ्याकडे आला, आणि मास्तर, मीच त्याला म्हणालो, "एक महिना बसून ये. बसलं की सगळं फिटतं." गोडादऱ्यात आमच्या गल्लीत सगळे असंच समजतात, मीही तसंच समजत होतो. वकिलाला विचारायचं सुचलं नाही. महिनाभरानं तो बाहेर आला तेव्हा कारखान्यात तो चालवायचा त्या मागाच्या मशिनी दुसऱ्या कारागिराकडे गेल्या होत्या. पोटगी मात्र जशीच्या तशी उभी होती, उलट आत बसला त्या महिन्याची भर पडली होती. वकील म्हणाला, "काका, जेल म्हणजे पावती नव्हे." त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या जिन्यापाशी सून भेटली. वाटलं होतं तोंड फिरवेल. ती म्हणाली, "बाबा, यांना आत टाका असं मी कधी म्हटलं? मला पोरीची फी भरायची होती. हे आत होते तेव्हा माझ्या हातात काय आलं?" मुलगा शेजारीच नखातला कापूस काढत उभा होता. नवीन कारखान्यात कमी मशिनींवर लागला होता. त्याच्याकडे बघताना मला तुमची आठवण झाली.

तेव्हाचा मी बावीस वर्षांचा आहे, लिंबायतचा तुमचा मागांचा कारखाना आहे. पगाराचा दिवस. माझी बायको डोक्यावर पदर घेऊन, कडेवर बाळ घेऊन दरवाजात उभी आहे, कारण तुम्ही तिला निरोप पाठवला आहे. तुम्ही माझं नाव पुकारता आणि पाकीट सगळ्यांसमोर तिच्या हातात देता. मी म्हणतो, "मास्तर, मशिनी मी चालवतो." तुम्ही मान वर न करता म्हणता, "भो, तू पगार मटकाना आकडावर लावस, मंग पोर काय खाई?" त्याच पाकिटातले दहा रुपये काढून मला देता, चहा-बिडीला. मागून कुणीतरी हसतं, "ह्याचा पगार पदराला बांधला." वर्षभर असं चाललं. तुम्ही मला पोलिसात दिलं नाहीत, माझी एकही मशीन बंद केली नाहीत. रोज तुम्हाला मनात शिव्या देत मी कापड विणत राहिलो, आणि बाळाला दूध मिळत राहिलं. ते बाळ म्हणजे हाच मुलगा.

कोर्टात आमचा पुकारा झाला, तसा मी न विचारता उभा राहिलो. शिपायानं खांदा दाबला, पण जज बाईंनी बोलू दिलं. शब्द अडखळत होते, तरी तुमची गोष्ट सांगितली. मग दोन्ही वकिलांनी मिळून काय ते लिहून दिलं. चालू महिन्याची पोटगी मालकानं पगारातून कापून द्यायची, मागची बाकी थोडी थोडी फेडायची, तोवर वॉरंट थांबलेलं. एक हप्ता चुकला तर पुन्हा आत. मालकाला भेटायला गेलो, तर तो म्हणाला, "काका, मारे कोर्टना लफडामां नथी पडवुं. पैसा कापी आपीश, पण वहु पोते आवीने सही करे." म्हणजे पैसे तो कापून देणार, पण सही करायला उद्या सून स्वतः कारखान्याच्या दरवाजात येऊन उभी राहणार.

हे मुलाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. म्हणाला, "सगळ्या कारागिरांसमोर? बाबा, त्यापेक्षा जेल बरी होती." तसाच चेहरा मी घेऊन फिरलेलो आहे. उद्या तो कामावरच गेला नाही तर, मागल्या दारानं निघून गेला तर, सून रिकाम्या हातानं परतली तर, असलं सारखं मनात येतं. म्हणून सुनेबरोबर मीही जाणार आहे, सही होईपर्यंत तिथंच थांबणार आहे.

हा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतो, दुसरं काय करणार. एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी पगाराच्या दिवशी तुमच्या सायकलची हवा जायची आणि गल्लीतल्या पोरांवर ओरडत तुम्ही ती ढकलत घरी न्यायचात. ती हवा मी सोडत होतो, मास्तर. उद्या कारखान्यावर मी चालतच जाणार आहे. सायकल घरी ठेवतो.