आईला सांगितलं ते वर्ष

१९ डिसें. ९३, रवि.
असोद्याला मळ्यात भरीत. मधूला नेलं होतं. घरच्यांना एवढंच ठाऊक, की हा धुळे डेपोचा कंडक्टर, जळगावला मुक्कामी गाडी असली की माझ्या खोलीवर झोपतो. चौथं वर्ष आहे हे आमचं. आईने त्याच्या पानात भाकरीवर भाकरी टाकली. 'बस व माय, गाडी चालवनारा झोपी जाईन तर चालीन, कंडक्टर झोपला तर पंचाईत,' असं आमच्याकडचं बोलायला गेला, अर्धं त्याच्या सोनगीरचं अहिराणीच निघालं. सगळे हसले. दादासुद्धा.
मग हात धुताना दादा म्हणाला, 'चोपड्याची मुलगी आहे. शिकलेली. नव्या वर्षात पाहून टाकू. तिशी उलटली तुझी.'
नाना गेल्यापासून घरात दादाचा शब्द शेवटचा. मी 'बरं' म्हणालो.
बरं का म्हणालो?
येताना एसटीत म. खिडकीबाहेर बघत बसला. केळीचे मळे, अंधारून येईपर्यंत.

२३ डिसें.
म. आला. शेवभाजी त्याने केली, तिखटजाळ. जेवून झाल्यावर म्हणाला, 'जाय, पाही ये.'
'आणि मग?'
'मंग काय. तुले कोनले नई म्हनता येत नई. माले तेच भ्याव शे.'
भांडी मीच घासली. तो शेजारी उभा राहून पुसत होता. एवढंच.

२ जाने. ९४, रवि.
चोपडा. मुलीचं नाव शैला. तिथल्याच शाळेत शिकवते, पुढे बी. एड. करायचंय. पोहे, चहा, मग 'बोलू द्या दोघांना थोडं' म्हणून मागच्या ओट्यावर पाठवलं. आत सगळ्यांचे कान इकडे.
ठरवून गेलो नव्हतो. ती म्हणाली, विचारा काय विचारायचं ते. सरळ बघत होती. तिला फसवणं जमेना.
'माझं एका ठिकाणी आहे.'
'मग इथे कशाला आलात? कोण आहे ती?'
'ती नाही.'
तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पदर घट्ट धरून उठली, वाटलं आता आत जाऊन सांगते. गेली नाही. परत बसली.
'असं असतं?'
'असतं.'
मग हळूच, 'त्यांना माहीत आहे, तुम्ही आज इथे आलात ते?'
या जगात कोणीतरी पहिल्यांदा मधूबद्दल विचारलं. मी मान डोलावली.
म्हणाली, 'तुम्ही नकार दिलात तर लोक माझ्यात खोट काढतील. मीच देते. शिकायचंय म्हणून सांगते. बोलतील मला, बोलू देत.' आणि उठताना, 'पुढच्या मुलीला तरी असं घरी जाऊन सांगू नका. आधी घरच्यांना सांगा. धीर धरा.'
जीपमध्ये दादा खुशीत. 'पोरगी धीट आहे, नाही?'
हो.

१७ जाने.
चोपड्याहून नकार आला. दादा माझ्या टेलिफोन एक्स्चेंजवर येऊन गेला. मी बोर्डवर होतो, हेडफोन काढून बाहेर आलो. 'पर्मनंट नोकरी, घरची केळी, आणि नाही म्हणते! तू काय बोललास तिला?' काही नाही म्हणालो. विश्वास बसला नाही. जाता जाता थांबला. 'तो कंडक्टर अजून येतो का तुझ्याकडे?'

६ फेब्रु.
लिहवत नाही, तरी.
मधूला ताप. दुपारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन कपाळावर ओली पट्टी ठेवत होतो. दार नुसतं लोटलेलं. दादा आत आला. हातात केळीची फणी. आधी पट्टी पाहिली, मग आमची तोंडं.
ज्या दादाने मला सायकल शिकवली, मागून सीट धरून असोद्याच्या पांदीने पळाला, त्याने आज मधूला, अंगात एवढा ताप असताना, दंडाला धरून उठवलं.
'वकिलाला विचारून आलोय मी. कायद्याने गुन्हा आहे हा. डेपोत कळवलं तर नोकरी जाईल याची.' मला म्हणाला, 'नाशिकला डॉक्टर आहे, शॉक देतात, बरं होतं.'
मी म्हटलं, 'दादा, मी आजारी नाही.'
पहिल्यांदा त्याला नाही म्हणालो. 
त्याने हात उगारला. मारलं नाही. खाली घरमालकांशी बोलून गेला. केळी इथेच राहिली.

८ फेब्रु.
घरमालक शेठजी. वर आले नाहीत, जिन्यातूनच: 'वसंतभाऊ, आमच्या घरात लहान मुलं आहेत. महिनाअखेर खोली सोडा.' याच माणसाच्या नातवाचा अभ्यास मी घेतो. घ्यायचो.

२७ फेब्रु.
नवी खोली, पिंप्राळ्याकडे. एकटा. म. ने ड्युटी बदलून घेतली, शिरपूर लाइन. एसटीडी बूथवरून फोन केला होता. 'तुना भाऊ डेपोमा येईन तर तुनं नाव निघीन. थोडा दिन नको भेटूत.' मी ओरडलो त्याच्यावर.  बूथवाल्याने बहुतेक खाकरून बिलाची आठवण दिली असावी, म. ने फोन ठेवला.
दिवसभर लोकांची बोलणी जोडून देतो मी.

२० मार्च, रवि.
राहवेना. सोनगीरला गेलो. म. ड्युटीवर. घरी त्याची आई, सगळे अक्का म्हणतात. ओसरीत गहू निवडत होती. नाव सांगितलं तशी सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. काय काय माहीत आहे तिला, अंदाज येईना.
'वसंता तूच का? जेवाले बस.'
नको म्हटलं तरी वाढलं. मी खाली मान घालून जेवत होतो. तीच बोलली. 'दीड महिना व्हयना, मना पोऱ्या हासत नई. आधी तुनाकडथीन ये तवय हासे. माले बठ्ठं समजत नई भाऊ. पन हाई समजस.'
मी तिच्यासमोर रडलो. तिने काही विचारलं नाही, ताक आणून ठेवलं.
म. आला, मला दारात पाहून टोपी काढून नुसता उभा. मग आईला म्हणाला, 'अक्का, यानं जेवन व्हयनं का?' हेच पहिलं वाक्य!

२४ मार्च
शैला म्हणाली होती, आधी घरच्यांना सांगा. दादाने आईला अजून काही सांगितलेलं नाही, लाजेपायी. मग तिला माझ्याच तोंडून कळू दे.

१० एप्रिल, रवि.
आईला बोलावून घेतलं. कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं. शब्दच नाहीत आपल्याकडे चांगले, जे आहेत त्या शिव्या. म्हटलं, 'आई, तुझं आणि नानांचं होतं ना, तसं माझं मधूचं आहे.'
पाण्याचा पेला तिने खाली ठेवला. मग 'नानाचं नाव नको घेऊ.' मग रडली. मग, 'माह्याच हातून काही चुकलं का रे? लहानपनी तू आजारी राह्यचा...' नाही गं आई, नाही, असं किती वेळा म्हणालो.
'लोकं थुकतीन.'
'थुकू दे.'
'मी मेल्यावर तुले कोन पाहीन?'
'मधू आहे ना.'
 दुपारी माझे विस्कटलेले कपडे घडी करून ठेवले. त्यात म. चा खाकी शर्ट होता. हातात धरून बसली थोडी, मग त्याचीही घडी घातली. पण वेगळी ठेवली.
स्टॅंडवर सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून अक्षय्य तृतीयेचं आमंत्रण दिलं, 'आखाजीले या.'
मला ती कायम 'ये' म्हणते. 'या' म्हणाली. घाईत म्हणाली, की दोघांना? विचारणार तोवर गाडी सुटली.

१ मे
म. परत जळगाव लाइनवर. स्वतः मागून घेतली. 'जे व्हईन ते व्हईन.' त्याला 'या' चं सांगितलं. हसला. 'आखाजीले तर सासुरवाशिनी माहेरले जातीस. आपन कोन?' मग गंभीर झाला. 'तुले चुकीनं ऐकू उनं असंन.'
दादाने डेपोत अजून काही कळवलेलं नाही. कळवणार नाही असं नाही.

१३ मे, आखाजी
सकाळ. म. दाढी करतोय, आज दोनदा कापलं. नवा पांढरा शर्ट घालू की जुना, तिसऱ्यांदा विचारलं. आंब्याची पिशवी त्याने काल रात्रीच बांधून ठेवली आहे.
काल एक्स्चेंजमध्ये दादाचा फोन आला. मीच उचलला. 'उद्या येतोयस?' 'हो. दोघं.'  म्हणाला, 'मी घरीच आहे उद्या.' आणि ठेवला. रागाने की कसा, आवाजावरून काही कळलं नाही. इतकी वर्षं लोकांचे आवाज ऐकतो, माझ्याच भावाचा कळला नाही.
म. म्हणतो, घराच्या फाटकापासून परत फिरलो तरी चालेल, आईला लांबून तरी पाहून घेऊ.
नाही. आत जायचं.
असोद्याची गाडी धरायची आहे. तो चपला घालून दारात उभा आहे.