अक्काची सही

येलहंका, बेंगळुरू
१२ नोव्हेंबर १९९५

यल्लव्वाअक्कास,
महांतेशचा नमस्कार.

तू ग्रामपंचायतीत निवडून आलीस, तेव्हा मी इथे ऑफिसात पेढे वाटले. दाजी मात्र तुला म्हणाले, "जागा बाईची असली तरी कारभार मीच बघणार. मी दाखवेन तिथे अंगठा उठव." तू हट्टाने सही शिकलीस आणि मला, धाकट्या भावाला, निरोप धाडलास, "तम्मा, बैठकीला ये. कागद वाचून दाखव. ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही."

रजा मिळत नाही, असं मी कळवलं. रजा होती, अक्का. मला दाजींची भीती वाटली.

तू एकटी गेलीस. सेक्रेटरीला सगळे कागद मोठ्याने वाचायला लावलेस. खालच्या गल्लीसाठी मंजूर झालेला नळ दाजींच्या मळ्याकडे वळवायचा ठराव आला, तेव्हा भरल्या सभेत तू सही नाकारलीस. त्याच दिवशी दाजींनी तुला घराबाहेर काढलं. खालच्या गल्लीतल्या भीमव्वाने तुला ठेवून घेतलं, आणि तिच्याच घरी तू तापाने गेलीस.

परवा गावी जाऊन आलो. गल्लीत नळ आलाय. तुझ्या जागेची पोटनिवडणूक लागलीय आणि भीमव्वा उभी राहतेय. अर्ज माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "अण्णा, सगळं वाचा. स्वल्पही सोडू नका."

मी ओळ न ओळ वाचली. शेवटपर्यंत ऐकून तिने सावकाश सही केली.

सगळं वाचायला अर्धा तासही लागला नाही, अक्का.

तुझा न आलेला भाऊ,
महांतेश