इंग्रजी आठाची गाठ

श्री महादेवाला स्मरून मी, रत्नम्मा भ्र. शिवमूर्ती हलकुडे, वय ७१, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार लातूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. साध्या कागदावर चालतं असं वकिलांनी सांगितलं, म्हणून मुद्रांकाचा खर्च केला नाही.

१) राहतं घर माझ्या नावे आहे, ते मुलगा रविकिरण याला. भाडेकरू ठेवला तरी देवघर हलवू नये.

२) बँकेतली ठेव सून सुकन्या हिला. तिचा हात सैल आहे, पण माझ्यापुढे तिने तो कधी पसरला नाही.

३) गळ्यातलं इष्टलिंग कोणाला देऊ नये. माझ्या तळहातावर ठेवून मला माती द्यावी.

४) लिंगैक्य यजमानांच्या मागे दोरीच्या दुकानात उरलेला पिवळा नायलॉनचा दोर माझ्या भावाची मुलगी विशाखा हिला, नागपंचमीच्या झोक्यासाठी. दोरासोबत गाठही देते. सुती दोराला धरणारा फासा नायलॉनला धरत नाही. तो गुळगुळीत असतो, झोका हलला की फासा सैल होत जातो. म्हणून दोर दुपदरी घ्यावा, दुमडलेलं टोक उभ्या दोरावरून नेऊन मागून वेढा द्यावा आणि झालेल्या डोळ्यात पुढून घालावं. इंग्रजी आठ दिसला पाहिजे. पाणी लावून आवळावं, शेपूट हातभर सोडावं. कापलेलं टोक मेणबत्तीवर भाजावं, समईवर नको. आधी मोठ्या माणसाने बसून बघावं.

५) भाऊ माणिकप्पा, राहणार मुरुड. दर पंचमीला मला माहेरी न्यायला मूळ म्हणून अण्णाच यायचा आणि झोकाही तोच बांधायचा. विशाखा लहान असताना त्याने पहिल्यांदा नायलॉनचा झोका बांधला. मी म्हणाले, "अण्णा, हा फासा सुटंल." तो म्हणाला, "तुम्ही दोर ईका. झोका आम्ही बांधताव."

विशाखा पडली, हात मोडला. तिला दवाखान्यातून आणल्यावर मी सगळ्या बायकांसमोर फासा सोडून आठाची गाठ मारली. अण्णा म्हणाला, "मराठी आठात बसत न्हाई व्हय गं तुझी गाठ, मॅट्रिकबाई?" बायका हसल्या. मला वाटलं, मिटलं. पुढच्या पंचमीला मूळ आलं नाही. त्यानंतरही नाही.

गाठ माझीच बरोबर होती, हे इथे लिहून ठेवते. पण पंचमी आली की मी पिशवी भरते, आणि दिवेलागणीला लुगडी परत कपाटात लावते. लातूरहून मुरुडला एसटी जाते, मला माहीत आहे. पण न्यायला कोणी आल्याशिवाय माहेरी कसं जावं?

अण्णाला मी काहीही ठेवलेलं नाही. रागाने नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला बसू नये, असं वकील म्हणाले; आणि मला साक्षीला अण्णा पाहिजे. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद पक्का होत नाही. रविकिरण म्हणाला, "आई, कोणाचीबी घेऊ की सही." मी नको म्हणाले. अण्णाने लातूरला यावं, माझ्यासमोर सही करावी. तो मुळालाच आला असं मी समजेन.

पिशवी भरलेली आहे.

लातूर, सोमवार, १४ जुलै २०२५
सही: रत्नम्मा शिवमूर्ती हलकुडे

साक्षीदार १: अमृतराव निवृत्ती शिंदाळकर, शेजारी (सही केली)

साक्षीदार २: माणिकप्पा गुरबसप्पा तोंडारे, मुरुड
(जागा मोकळी आहे. इथे दुसऱ्या कोणी सही करू नये.)