ग्रंथालय आज बंद आहे

वेलचेरी, चेन्नई
रविवार

तीर्थरूप रत्नाकरमामा यांस,

तन्मयचा वाकून नमस्कार (दिवसभर संगणकापुढे बसून पाठ धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं). तुमचा दमा कसा आहे? मामी अजून तुमच्या चहातली साखर चोरून कमी करतात का?

मागे तुम्ही मामींना विचारलं होतंत, की पगार न घेता सुट्टीच्या दिवशी हा मुलगा करतो तरी काय. सांगतो. लिनक्स नावाची फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. तिच्यासोबत जाणारं, पायथन या संगणकभाषेत लिहिलेलं एक छोटं पॅकेज मी सांभाळतो. त्याचं काम एवढंच, की एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि पुन्हा कोणी विचारलं की तेच द्यायचं. मुदत संपली की मात्र नव्याने विचारून यायचं. (तुम्ही मामींना न विचारता गेल्या आठवड्याच्या माहितीवर भाजी आणता, तसं, फक्त तुम्हाला मुदत नाही.) त्याची नवी आवृत्ती आली, मी हौसेने चढवली, पण जुन्या आवृत्तीला दुरुस्तीसाठी लावलेलं माझं ठिगळ काढायला विसरलो. झालं! मुदत संपेचना. हे पॅकेज वापरणाऱ्या पोर्तुगालातल्या एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सुट्टीच्या दिवशी 'ग्रंथालय आज बंद आहे' अशी पाटी लागली, ती हलायलाच तयार नाही. आत ग्रंथपालबाई पुस्तकं मांडून बसलेल्या आणि बाहेर चिटपाखरू नाही.

बाईंनी मला खरमरीत ईमेल पाठवला. मामा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझं काम बिनचूक असलं की मला कोणी काही लिहीत नाही. इथे वॉचमन सुब्बा रोज "साप्टाच्चा, सार?" म्हणजे जेवलात का, असं विचारतो आणि उत्तराआधीच गेट लावायला जातो. बाईंनी मात्र दोन प्रश्न विचारले, मी दहा उत्तरं दिली. चेन्नईच्या उकाड्याचीही चौकशी झाली. मग (नाइलाजाने) मी ते ठिगळ काढलं. पाटी उतरली, वाचक आले, बाई कामाला लागल्या. त्यानंतर त्यांचं काही आलं नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
तन्मय

ता. क. माझं इथे छान चाललं आहे. काळजी नसावी.

आणखी एक ता. क. वरचं लिहून टाकलं, पण ते खरं नाही. दिवाळीत फोनवर तुम्ही विचारलंत, "कसा आहेस?" मी म्हटलं, "मजेत." ठाण्याची क्षमाताई सांगत होती, की अजूनही कोणी माझी चौकशी केली की तुम्ही तेच उत्तर देता. त्याची मुदत कधीच संपली, मामा. पुन्हा एकदा विचारा.